चौदावा रकाना

आनंद नगरचे निवृत्त फिटर प्रभाकर बारलिंगे यांनी आपल्या जुन्या फटफटीच्या नोंदणीचं नूतनीकरण करण्यासाठी अर्ज केला आणि त्यातल्या चौदाव्या रकान्यात खरं ते लिहिलं. पुढे जे घडलं, त्याची जबाबदारी सर्वस्वी त्यांचीच आहे, हे सुरुवातीलाच नमूद केलेलं बरं.

फटफटी त्र्याऐंशी सालची. वीस वर्षं जिन्याखाली पडून होती. निवृत्तीनंतर प्रभाकररावांनी तिला उजेडात आणली तेव्हा तिच्यात फटफटीपेक्षा गंजच जास्त होता. सुटे भाग बाजारातून केव्हाच नाहीसे झालेले. पण ज्याने छत्तीस वर्षं कारखान्यात लोखंडाशी संसार केला, त्याला असल्या गोष्टीचं काय कौतुक! गोविंदपुऱ्यातल्या भंगारवाल्यांकडे खेटे घालून त्यांनी एकेक अवयव जमवला. सायलेन्सर एका मयत स्कूटरचा. पुढचा मडगार्ड कूलरच्या पत्र्यातून कापून ठोकलेला. पेट्रोलच्या टाकीला फिरकीच्या तांब्याचं झाकण, आणि त्याचे आटे ओळखीच्या वर्कशॉपात लेथवर स्वतः पाडलेले. मागच्या सीटखाली डाव्या बाजूला मात्र सासूबाईंच्या शिवणयंत्राचा पायाने चालवायचा लोखंडी पायटा होता, नक्षीसकट.

हा पायटा म्हणजे सगळ्या खटाटोपाचं मर्म. प्रमिलाताईंचा उजवा गुडघा दोन वर्षांपूर्वी बदलला होता. तो फारसा वाकत नसे. रिक्षाची पायरी उंच, बसची त्याहून उंच, आणि लेकाची मोटार लेकाबरोबर पुण्यात. म्हणून प्रभाकररावांनी बायकोला खुर्चीवर बसवून फूटपट्टीने मापं घेतली आणि दोन्ही पाय आडवे, सपाट टेकतील अशी सीट बनवली. टी. टी. नगरच्या सत्संग महाराष्ट्र मंडळात दरवर्षी पाच दिवस कीर्तन असतं. दोन वर्षं प्रमिलाताईंनी ते फोनवर ऐकलं. तक्रार केली नाही. आरतीच्या वेळी फोनसमोर उभं राहून हात जोडायच्या तेवढंच. ते जोडलेले हात बघून प्रभाकररावांनी ठरवलं, यंदा हिला बुवांच्या समोर नेऊन बसवायचं.

कीर्तन सोमवारपासून. फटफटी तयार. फक्त कागद संपलेले.

अर्जाचा चौदावा रकाना असा होता: ‘वाहनातील बदललेल्या भागांचा तपशील व त्यांचा स्रोत.’ प्रभाकररावांनी चष्मा पुसला, दोन पुरवण्या जोडल्या आणि एकेचाळीस भाग क्रमवार लिहिले. शेवटी वाहनाचा उपयोग विचारला होता. तिथे त्यांनी लिहिलं, ‘पत्नीस कीर्तनास नेणे.’

परिवहन कार्यालयाच्या खिडकीतल्या चौकसेबाबूंनी ते कागद उलटून पाहिले, सुलटून पाहिले, मग चहा मागवला. सतरा वर्षांच्या नोकरीत हा रकाना भरलेला ते प्रथमच पाहत होते.

“अंकल,” ते हळू आवाजात म्हणाले, “ये चौदह नंबर कोई भरता है क्या? इसमें निरंक लिखते हैं.”

“पण बदललेत ना भाग.”

“सबके बदले हैं. लिखता कौन है?”

चौकसेबाबू वाईट माणूस नव्हते. त्यांनी नवा कोरा अर्ज पुढे केला. पण प्रभाकररावांनी आदल्याच संध्याकाळी फोनवर हरिश्चंद्राचं जुनं आख्यान ऐकलेलं. ज्याने राज्य दिलं, बायको-मुलगा विकला, पण शब्द फिरवला नाही, त्याची कथा ऐकून डोळे पुसायचे आणि दुसऱ्या दिवशी निरंक लिहायचं? त्यांनी मान हलवली. चौकसेबाबूंनी उसासा टाकला आणि सगळा तपशील संगणकात भरला. इथून पुढे माणसांचा काही दोष नाही. संगणकाला खरं ऐकण्याची सवय नव्हती, एवढंच.

संगणकाने प्रत्येक भागाच्या पूर्वाश्रमीची चौकशी सुरू केली. स्कूटर मयत झाल्याचा दाखला. कूलर हा कूलर राहिला नसल्याबद्दल स्वयंघोषणापत्र. शिवणयंत्र सासूबाईंचं, तेव्हा वारस म्हणून प्रमिलाताई आणि त्यांच्या अमरावतीच्या दोन भावांची अनापत्ति, म्हणजे ना-हरकत. धाकट्या भावाने फोनवर विचारलं, “भाऊजी, पायट्याचं ठीक आहे, पण वरचं मशीन कुठं गेलं हो?” चाळीस वर्षं कुणाला न आठवलेलं मशीन त्या दिवशी दोन भावांना एकदम आठवलं. फिरकीच्या तांब्याबाबत तर शेरा पडला: ‘झाकण वाहनात असल्याने उर्वरित तांब्या तपासणीसाठी हजर करावा.’ प्रभाकररावांनी शुक्रवारी तांब्या हजर केला. तो पुढून मागून तपासून, आत पाणी नसल्याची नोंद घेऊन, परत करण्यात आला.

मग वजन झालं. फटफटीच्या एकूण वजनात घरगुती वस्तूंचं प्रमाण निम्म्यापेक्षा थोडं अधिक भरलं. चौकसेबाबूंनी नियम वाचून दाखवला आणि अत्यंत दिलगिरीने सांगितलं की नियमानुसार ही आता मोटरसायकल नसून घरसामान आहे. घरसामानाची नोंदणी लागत नाही, ही आनंदाची बातमी. मात्र घरसामान रस्त्यावर स्वतःहून चालू शकत नाही. ते टेम्पोत घालून न्यावं लागतं.

“म्हणजे फटफटी कीर्तनाला जाऊ शकते?” प्रभाकररावांनी विचारलं.

“टेम्पो में. बिलकुल.”

“आणि आमची मंडळी?”

टेम्पोत माल असताना माणूस बसवायला मनाई होती. परंतु चौकसेबाबूंच्या मनात काही करून हे काम व्हावं असं होतं. त्यांनी अर्ज पुन्हा वाचला. उपयोगाच्या रकान्यावर बोट ठेवलं. सीट बाईंच्या मापाची, पायटा बाईंच्या मापाचा, वाहनाचा उद्देशही बाईच. म्हणजे बाईंशिवाय वाहन अपूर्ण. अपूर्णतेला जे पूर्ण करतं, त्याला खात्याच्या भाषेत भाग म्हणतात. प्रमिलाताई बारलिंगे यांची नोंद भाग क्रमांक बेचाळीस अशी झाली, आणि संगणकाने ताबडतोब विचारलं, हा भाग मूळ आहे की बदललेला?

प्रभाकररावांनी बोटांवर मोजलं. मग सत्याला स्मरून म्हणाले, “उजवा गुडघा बदललेला आहे. खालची कवळीही.”

चौकसेबाबूंनी डोकं टेबलावर टेकवलं.

गुडघ्याचा स्रोत, बसवणाऱ्याचा परवाना आणि काढून टाकलेला मूळ गुडघा हजर करण्याची सूचना घेऊन प्रभाकरराव बाहेर आले. पिंपळाखाली पिंकी एजंट बसला होता. पिंकी म्हणजे सव्वाशे किलोचा, मिशीवाला, गळ्यात तीन माळा घातलेला गृहस्थ. आईने लाडाने ठेवलेलं नाव त्याने पन्नाशीतही बदललं नव्हतं. त्या आवारात ‘मूळ’ म्हणावं असं तेवढंच उरलं होतं. त्याने सूचना वाचली आणि कपाळाला लावली. त्याच्या तोंडी सगळेच ‘खां’ असत.

“को खां अंकल, घुटना कहाँ से लाओगे? नया फारम भरो. चौदह में निरंक. नीचे साइन. चार बजे तक कागज आपके हाथ में.”

“खोटं आहे ते.”

“झूठ नहीं है खां, फॉर्मेट है.”

प्रभाकररावांनी फॉर्म घडी घालून खिशात ठेवला आणि घर गाठलं. ऐन दुपारी फटफटीसमोर पाटावर बसून राहिले. सही केली नाही तर कीर्तन नाही, आणि केली तर कीर्तनाला कोणत्या तोंडाने जायचं? त्यांनी सगळी हकीगत बायकोला सांगितली, बेचाळीस नंबरासकट. नंबर ऐकून प्रमिलाताई इतक्या हसल्या की कवळी काढून ठेवावी लागली. मग ती परत बसवून त्या म्हणाल्या,

“अहो, देवाकडे कागद जात नाहीत. तिथं आपणच जातो. करा सही, आणि विचारलं कुणी तर खरं सांगा.”

त्यांनी सही केली. चार वाजता कागद हातात आला. सोमवारी संध्याकाळी प्रमिलाताई शिवणयंत्राच्या नक्षीवर पाय ठेवून रायसेन रोडने निघाल्या. प्रत्येक गतिरोधकाला त्या नवऱ्याचा खांदा घट्ट धरत, आणि गतिरोधक संपला तरी सोडत नसत. सभागृहात पहिल्या रांगेत त्यांना खुर्ची मिळाली. बुक्का लागला. टाळ वाजला. दोन वर्षांचं साचलेलं डोळ्यांवाटे वाहून गेलं. प्रभाकरराव कीर्तनाकडे कमी आणि बायकोकडेच जास्त बघत होते.

समीरबुवा आर्वीकर तरुण, आवाज खणखणीत, आणि उत्तररंगाला नेमकं हरिश्चंद्राचंच आख्यान. स्मशानाचा प्रसंग झाला, सभा हुंदके देऊ लागली. बुवांनी वीणा खाली केली आणि प्रेमाने विचारलं, “या सभेत कुणी कधी सरकारी कागदावर खोटी सही केली असेल, तर त्यानं हात वर करावा.”

असा प्रश्न विचारायचा असतो, आणि लोकांनी माना डोलवायच्या असतात. दोनशे तीस माना डोलल्या. पहिल्या रांगेत एक हात वर झाला. प्रभाकररावांचा. कुणी विचारलं तर सांगायचं, असं ठरलंच होतं.

बुवा क्षणभर ओळ विसरले. तबलजीने ठेका दिला म्हणून निभावलं.

आरतीनंतर मंडळाचे सचिव सुभाषराव पांढरीपांडे यांनी प्रभाकररावांना बाजूला घेतलं. “प्रभाकरराव, कीर्तनात इतकं खरं बोलतात का? दोनशे सज्जन माणसांची मान खाली गेली. लोकांना वाटेल, मंडळात येणारे असलेच.” त्यांनी सुचवलं, प्रभाकररावांनी लेखी द्यावं, की हात वर झाला तो खांद्यात चमक भरल्यामुळे. प्रभाकरराव म्हणाले, खांदा ठीक आहे. खांद्याबद्दल उगाच खोटं कशाला लिहायचं?

तेव्हा कार्यकारिणीची तातडीची बैठक तिथेच चपलांच्या स्टँडजवळ झाली. मंडळावरचा डाग पुसण्यासाठी एक मसुदा तयार करण्यात आला: ‘मी आयुष्यात कोणत्याही कागदावर खोटी सही केलेली नाही.’ समोरच्या दुकानातून छापील प्रती आल्या. दोनशे तीस लोकांनी रांग लावली. कुणी आपल्या स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून सही केली, कुणी मोटारीच्या बॉनेटवर. न वाचता, एका दमात, अगदी हात बसलेला असल्यासारखी. समीरबुवांनी सर्वांत आधी केली.

प्रमिलाताईंनी गुडघा सांभाळत पाय टेकले, प्रभाकररावांनी किक मारली, आणि ती फटफटी त्या रांगेसमोरून फटफटत निघून गेली.

प्रती मोजून आणल्या होत्या, तरी एक उरली आहे. आपल्याकरता राखून ठेवली आहे. वाचायचे कष्ट घेऊ नका. मजकूर नेहमीचाच आहे. पेन देऊ?