जावई, सासूबाई आणि बदकाची अंडी

"सेकंदाचा काटा बसवणाऱ्या हाताला बदकाचं अंडं काय जड आहे!" घड्याळजींनी बायकोला ठणकावून सांगितलं.

अंडी सासूबाईंच्या बदकाची. कुत्र्यानं बदक पळवलं आणि अंडी पोरकी झाली. जावयानं, म्हणजे घड्याळजींनी, थर्माकोलच्या खोक्यात बल्ब लावून ती उबवायला घेतली. जावयाच्या हातून आजवर एकही काम धड झालेलं नाही, असं सासूबाईंचं ठाम मत! त्या जातीनं तपासणीला आल्या.

"जीव धरलाय का? संध्याकाळच्या गाडीच्या आत दाखवा."

अंड्याला टॉर्च लावला की आतलं दिसतं, पण अंधार हवा. आणि घरात तर भरदुपारचं लख्ख ऊन! शेवटी साड्या बाजूला सारून दोघं कपड्यांच्या कपाटात शिरली. दार ओढलं आणि खट्! बाहेरची खिट्टी पडली.

टॉर्चच्या उजेडात अंडं शेंदरी झालं. आत तांबड्या शिरांचं जाळं आणि मधोमध लुकलुकणारा ठिपका.

"अगंबाई! धडधडतंय हो, जावईबापू!" सासूबाई म्हणाल्या. डोळे पुसत त्यांनी दार ढकललं. दार ढिम्म!

आरडाओरडा ऐकून बायको धावली. खिट्टी अशी अडकलेली, की हलेना. तिनं खालच्या सुताराला बोलावलं. त्यानं हातोडा उगारला मात्र, आतून किंकाळी आली, "ठोकू नका हो! बाळाला धक्का बसेल!"

सुतार दोन पावलं मागे सरला. "वहिनी, आत आहे तरी कोण?"

"माझी आई!"

"या वयात?"

बिचाऱ्यानं श्वास रोखून एकेक स्क्रू काढला. दार निखळलं ते थेट त्याच्या पायावर! सासूबाई ओंजळीत अंडं धरून नवरीसारख्या हळूच बाहेर आल्या. "जावई हुशार आहेत हो," त्या लेकीला म्हणाल्या. घड्याळजींची छाती फुगून दाराएवढी झाली!

पुढे अंडी तडकू लागली, तेव्हा घड्याळजी खोक्यापुढे मांडी ठोकून बसले. बदकाचं पिल्लू पहिल्यांदा ज्याला बघतं, त्यालाच आई मानतं म्हणे! पण नेमका सासूबाईंचा फोन वाजला. ते उठले आणि कपाटाला दार बसवायला आलेला सुतार कौतुकानं खोक्यात डोकावला.

झालं! सुतार पटाशी आणायला गेला, पिल्लं मागे. खिळे आणायला गेला, पिल्लं मागे!

फोनवर सासूबाई हरखून विचारत होत्या, "अहो, पिल्लं कुणावर गेलीत?"

घड्याळजींनी पिल्लांच्या रांगेकडे पाहिलं. "सुतारावर!"