बाथरूममधली बाई

सुनीलचं लग्न जमावं म्हणून त्याच्या वडिलांनी, कानिफनाथांनी, सगळ्यात आधी काय केलं असेल, तर बाथरूम बांधलं. हल्ली मुलीकडचे लोक रान किती आणि विहिरीला पाणी किती हे चहा पिता पिता विचारतात, पण जीपमधून उतरल्या उतरल्या त्यांची नजर वळते ती मागच्या अंगणाकडे. शेवगावच्या त्या सगळ्या पट्ट्यात कुणाकडे नसेल अशी निळी फरशी कानिफनाथांनी आत लावून घेतली. आरसा लावला, साबण ठेवायला कोनाडा केला. वरचे पत्रे तेवढे टाकायचे राहिले होते. ते आणून भिंतीला टेकवून ठेवले होते, आणि कुणी विचारलं की कानिफनाथ म्हणत, "लगीन ठरू द्या, त्याच दिवशी टाकतो."

पण मागच्या खेपेला आलेले पाहुणे बाथरूम पाहून खूश झाले आणि सुनीलच्या आईला पाहून पळाले.

त्यात गोजरबाईंचा तरी काय दोष? पोह्यांची ताटली पुढे करता करता त्यांच्या छातीतून एकाएकी जाळ उठला, मानेवरून कानांपर्यंत चढला आणि बघता बघता पदर घामानं चिंब झाला. तोही ऐन थंडीच्या दिवसांत, जेव्हा पाहुणे शाली गुंडाळून बसले होते. गोजरबाईंनी ताटली एका पाहुण्याच्या मांडीवर ठेवली, माठातलं पाणी तांब्यात घेतलं आणि सगळ्यांदेखत डोक्यावर ओतलं. पाहुण्यांतली एक म्हातारी चटकन हात जोडून उभी राहिली आणि म्हणाली, "कोन देव आलाय, बाई?" दुसऱ्या दिवशी निरोप आला की सासूच्या अंगात येतं, आम्हाला हे घर झेपायचं नाही.

पोराच्या लग्नात आपणच आडव्या आलो, हे गोजरबाईंच्या मनाला फार लागलं. रात्री झोप नव्हतीच. पंखा जोरात सोडून त्या छताकडे बघत पडत, आणि पलीकडे कानिफनाथ कानटोपी घालून दोन गोधड्यांखाली कुडकुडत. दिवसा भाकरी करपली तरी त्यांना रडू येई आणि कुणी "भाकरी करपली" म्हटलं की राग येई. आपल्याला वेड तर लागत नाहीये ना, अशी भीती त्यांना वाटे, पण ती बोलून दाखवायची कुणाजवळ?

केडगावला दिलेली लेक सविता माहेरी आली आणि तिनं उपाय काढला.

"आई, मोबाईलवर दवाखाना असतोय आता. डॉक्टरीणबाई समोर दिसती, सगळं इचारती, मग औषध पार्सलनं घरी येतं. गावात कुनाला पत्ता लागत न्हाई."

"मोबाईलमधून तिला माजी नाडी कशी घावंल?"

"नाडी न्हाई बघत. आदी सगळं ऐकून घेती."

"ऐकून घेती?" गोजरबाईंना हे नवलच वाटलं. त्या घरात त्यांचं कुणी शेवटपर्यंत ऐकून घेतल्याला बरीच वर्षं झाली होती. त्या लगेच तयार झाल्या.

रविवारी सकाळची वेळ मिळाली. नेमकं त्याच दिवशी चार वाजता अकोल्याचे पाहुणे घर बघायला येणार होते, पण सविताचं म्हणणं पडलं की उलट बरंच आहे, तोवर सगळं आटपेल. आता प्रश्न उरला रेंजचा. घरात फोन लागायचा नाही, ओट्यावर लागला तरी मध्येच तुटायचा. सगळ्यात चांगली रेंज येई ती बाथरूममध्ये, कारण वर पत्रे नव्हते आणि टॉवर त्याच अंगाला होता. तेव्हा गोजरबाई ठेवणीतलं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन बाथरूममध्ये पालथ्या बादलीवर बसल्या. सवितानं मोबाईल साबणाच्या कोनाड्यात उभा केला, आवाज पूर्ण मोठा केला आणि बजावलं, "तुजा नंबर आला की ती दिसंल. फोनला हात लावू नको. आन् आतून कडी घाल."

गोजरबाई पडद्याकडे डोळे लावून बसल्या. उत्सुकतेनं त्यांना तहानसुद्धा आठवेना. तेवढ्यात अंगणात जीपचा हॉर्न वाजला.

अकोल्याचे पाहुणे चारऐवजी सकाळीच येऊन ठेपले होते. ही सगळी मुलीच्या मामाची, आसाराम मामांची करामत. सांगितलेल्या वेळेला गेलं की घर नटलेलं दिसतं, आधी गेलं की खरं दिसतं, असा त्यांचा हिशेब असे. त्यांच्यासोबत मुलीची आई केशरबाई होत्या. बाथरूमला वर काही नसल्यानं गोजरबाईंना अंगणातला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"या, या, बसा!" कानिफनाथांचा आवाज नेहमीपेक्षा वरच्या पट्टीत गेला होता. "सविता, पानी आन!"

"मला दोन तांबे आना," केशरबाई म्हणाल्या. "सारा रस्ता काच उघडी ठेवून आले, तरी जीव घाबरा झालाय."

"अक्कानं आमाला थंडीनं मारलं," मामा हसत म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "पोराची आई कुटं दिसना?"

"देवळात गेलीय," सविता म्हणाली.

"बाजारात गेलीय," त्याच क्षणी सुनील म्हणाला.

"रानात," कानिफनाथ म्हणाले.

आत गोजरबाईंनी कपाळाला हात लावला. तिघांना मिळून एक थाप धड मारता आली नव्हती. अंघोळीला गेलीय म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं?

"म्हंजे आदी देवळात," कानिफनाथ घाम पुसत सावरू लागले, "तितून बाजार, आन् येताना रानातनं."

"लई फिरतात बाई," मामा म्हणाले. "बरं, ते निळ्या फरशीचं बाथरूम दावा. फोनवर तुमी त्याचंच कवतिक करत हुता."

साऱ्या घरात दाखवण्यासारखी एकच वस्तू, आणि आज नेमकी तीच दाखवता येत नव्हती. कानिफनाथ म्हणाले आधी गोठा बघा, सुनील म्हणाला विहीर बघा, सविता म्हणाली चहा होतोय. पण मामांच्या वहाणा फटक फटक करत मागच्या अंगणात येत होत्या. गोजरबाई उठून कडी काढणार, तोच कोनाड्यातला मोबाईल उजळला आणि चष्मा लावलेली एक हसरी बाई दिसू लागली.

"नमस्कार! मी डॉक्टर मुबश्शिरा शेख. थांबावं लागलं, माफ करा. काय त्रास होतोय?"

फरशीमुळे आवाज असा घुमला की झाडावरचे कावळे उडाले. बाहेरच्या वहाणा जागच्या जागी थांबल्या.

गोजरबाईंनी पदर तोंडाशी धरून कुजबुजत सांगायला सुरुवात केली. आधी कडीकडे बघून घाईघाईनं, मग डॉक्टरीणबाई खरंच ऐकतेय हे पाहून सगळंच. जाळ, घाम, जागरण, रडू, मागच्या पाहुण्यांसमोरचा तो तांब्या. त्यांचं कुजबुजणं दाराबाहेर जात नव्हतं. डॉक्टरांचं मात्र अंगणभर जात होतं.

"म्हणजे चार महिने पाळी आलेली नाही. बरं. आणि घरात कुणालाच सांगितलेलं नाही? काहीच नाही?"

बाहेर मामांच्या वहाणा दाराच्या आणखी जवळ सरकल्या.

"दिवस गेल्याची काही शक्यता? घाबरू नका, हे मला विचारावंच लागतं."

बाहेर कपबशी फुटली.

"दाजी," आसाराम मामा हळू आवाजात म्हणाले, पण त्यांचं हळूही खणखणीत होतं, "आत कोन बाई हाय?"

"कोनीच न्हाई," कानिफनाथ म्हणाले.

"चार महिने झालेत तिला आन् तुमी म्हनता कोनीच न्हाई? सुनीलराव, तुमी सांगा. कोन कोंडलीय आत?"

"आईशपथ मामा, मला कायबी म्हाईत न्हाई!"

"बघा," मामा म्हणाले, "आईची खोटी शपथ घेतो म्हनून आईला घरातनं लांब धाडलीय! अक्का, ऊठ. आपली रेश्मा असल्या घरात द्यायची न्हाई. जीप फिरवा!"

जीप सुरू झाल्याचा आवाज गोजरबाईंना ऐकू आला. गप्प बसावं, तर पोराच्या माथी भलता डाग लागतो आणि तो अकोल्यापर्यंत सगळ्या पाहुण्यारावळ्यांत पसरतो. बाहेर जावं, तर चार पुरुषांसमोर जे बोलायचं ते आईनं त्यांना कधी शिकवलंच नव्हतं. त्या पुन्हा मोबाईलकडे वळल्या.

"डॉक्टरीणबाई, एकच सांगा," त्या म्हणाल्या. "मला येड तर लागत न्हाई ना?"

"अजिबात नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पाळी जायच्या सुमाराला शरीरात बदल होतात, त्यानं हे सगळं होतं. झोप न होणं, चिडचिड, हे अंगावर येणारे गरम झोत. तुमच्यासारख्या कितीतरी जणी आहेत. बीपी आणि रक्त तपासून घेऊ, मग तुम्हाला चालेल ते औषध देते. हे मुकाट्यानं सोसायची काही गरज नाही."

इतक्या महिन्यांचं ओझं त्या एका 'अजिबात नाही'नं उतरलं. गोजरबाईंनी मोबाईल उचलला, कडी काढली आणि दार धाडकन उघडलं.

"ती बाई मीच हाय!"

सगळे बघत राहिले. नेमका त्याच वेळी तो मेला जाळ पुन्हा छातीतून उठला. गोजरबाईंचा चेहरा लालबुंद झाला, घामाच्या धारा लागल्या, पण त्या थांबल्या नाहीत.

"पोराची आई. देवळात न्हाई, बाजारात न्हाई, रानात न्हाई. हितंच बसले हुते. माजी पाळी जायची येळ आलीय. अंगाची आग हुती, रातीला झोप न्हाई. तुमाला कळलं तर लगीन मोडंल म्हून ह्या डॉक्टरीणबाईशी लपून बोलत हुते. आता मोडायचं तर माज्यापायी मोडा. माज्या पोराचं नाव नका घेऊ."

एवढं बोलून त्या आत वळल्या, दुसऱ्या बादलीतलं पाणी तांब्यात घेतलं आणि सगळ्यांदेखत डोक्यावर ओतलं. सवितानं डोळे मिटून घेतले. सुनीलनं ओळखलं की हेही स्थळ गेलं. आसाराम मामा तर पेरूच्या झाडाकडे असे निरखून बघू लागले, जणू पेरू बघायलाच अकोल्याहून आले होते.

तेवढ्यात केशरबाई पुढे आल्या. त्यांचाही चेहरा लाल झाला होता, आणि पदरानं वारा घेऊन घेऊन हात दुखायला आला असावा.

"तो तांब्या हिकडं द्या," त्या म्हणाल्या.

गोजरबाईंनी दिला. केशरबाईंनी तो काठोकाठ भरला आणि नव्या पातळासकट स्वतःच्या डोक्यावर रिकामा केला.

"अक्का!" मामा ओरडले.

"तू पेरू बघ," केशरबाई म्हणाल्या. त्यांनी गोजरबाईंच्या हातातला मोबाईल घेतला, तोंडावरचं पाणी निपटलं आणि पडद्याकडे बघून विचारलं, "डॉक्टरीणबाई, अकोल्याला बी पार्सल येतं का?"

मग दोघी आत गेल्या आणि कडी पुन्हा लागली.

अंगणात पुरुष ताटकळत उभे राहिले. आतून डॉक्टरांचा आवाज येत होता, "तुम्हाला वेगळी वेळ घ्यावी लागेल हं, ही गोजरबाईंची आहे," आणि त्यावर केशरबाईंचा, "घेते की, पन येवडं एक सांगाच." मधेच दोघी एकदम हसल्या. गोजरबाईंचं असं हसणं कानिफनाथांनी फार दिवसांत ऐकलं नव्हतं. आपण इतके दिवस कानटोपी ओढून नुसतं कूस बदलत राहिलो, एकदाही विचारलं नाही, याची त्यांना मनापासून लाज वाटली. सवितानं दुसऱ्यांदा चहा टाकला आणि तोही निवला.

शेवटी दार उघडलं. दोघी ओल्याचिंब, दोघींचे डोळे चमकत होते.

"मग अक्का," मामांनी चाचरत विचारलं, "बाथरूम कसं हाय?"

"पसंत हाय."

"आन् बाकीचं घर?"

"ते कशाला बघायचं? ज्या घरातली सासू पोरासाठी एवढ्या मान्सांत खरं बोलती, तितं माजी रेश्मा सुखात ऱ्हाईल." केशरबाईंनी पदर पिळला आणि आवाज कडक केला. "पन माजी एक अट हाय."

आसाराम मामांना जरा हुशारी आली.

"लगीन झालं तरी ह्या बाथरूमवर पत्रे टाकायचे न्हाईत," केशरबाई म्हणाल्या. "रेंज जाती."

कानिफनाथांनी भिंतीला टेकवलेल्या पत्र्यांकडे एकदा पाहिलं, आणि साखरेचा डबा शोधायला ते घरात पळाले.