ब्रदर इनास आणि डबाभर वाल

आमच्या शाळेतले ब्रदर इनास मोड आलेल्या वालांचा डबा घेऊन शाळेत येतात. त्यांना स्वतःला वालाचं बिरडं आवडत नाही. मिशन हाउसमध्ये स्वयंपाकाला माणूस आहे. तरी मधली सुट्टी झाली की ब्रदर प्रयोगशाळेमागच्या पायरीवर बसून वाल सोलतात, आणि शेजारी कुठलंतरी कार्टं त्यांना सोलू लागतं.

मी गणिताची. वसईतच जन्मले, वाडीत वाढले, वाल सोलून सोलून माझी नखं गेली. त्यामुळे सुरुवातीला मला हे सगळं सोंगच वाटलं. "ब्रदर, काय चालवलंय हे?" म्हटलं, तर म्हणाले, "मुलं बोलतात, बाई. हात गुंतले की तोंड मोकळं होतं. फक्त त्यांच्याकडे बघायचं नाही. वालाकडे बघायचं."

ही विद्या टांझानियातली. ब्रदर मूळचे इथल्याच राजोडीकडचे, पण बावीस वर्षं तिथल्या मिशनच्या शाळेत भूगोल शिकवत होते. पहिलं वर्षभर एक मूल त्यांच्याशी 'गुड मॉर्निंग'पलीकडे बोललं नाही. मग एकदा ते शाळेच्या स्वयंपाकघरामागे मुलांबरोबर राजम्यातले खडे निवडायला बसले, "आणि तासाभरात मला अख्ख्या गावाच्या भानगडी कळल्या, बाई!"

ऐकलेलं मात्र बाहेर येत नाही. 'जीवावर बेतण्यासारखं असेल तर मी सांगणार, बाकी नाही,' हे ते मुलांना पायरीवर बसायच्या आधीच बजावतात. कोणाचं कोणाशी जमलंय, क्लास बुडवून चिंचोटीच्या धबधब्यावर कोण गेलं होतं, सगळं ह्या माणसाला ठाऊक. आम्ही जंग जंग पछाडतो. उत्तर एकच, "विहिरीत पडलं, बाई." आणि सोललेले वाल पुढे करतात. ते आम्ही पाळीपाळीनं घरी नेतो. आयते वाल मिळतात म्हणून माझ्या मिस्टरांची ब्रदरांवर भारी श्रद्धा आहे.

गेल्या वर्षी मात्र माझं डोकंच फिरलं. दहावी ब मधली सायली बोर्डाच्या फॉर्मवर सही करेना. विरारहून येणारी, दुसऱ्या बाकावरची शांत मुलगी. आई अर्धी रजा टाकून आली आणि रडून गेली. मोठ्या बाईंनी समजावलं, वर्गशिक्षिका म्हणून मी रागावले. ती आपली मान खाली घालून, "मला नाही बसायचं परीक्षेला." आणि मधल्या सुट्टीत बघते तर ही बया पायरीवर वाल सोलतेय!

मी ब्रदरांना स्टाफरूममध्ये गाठलं. "तुम्हाला कारण सांगितलंय ना तिनं?"

"सांगितलंय."

"मग बोला की! शुक्रवारी शेवटची तारीख आहे. पोरीचं वर्ष जाईल."

"विहिरीत पडलं, बाई."

"चुलीत घाला ती तुमची विहीर!" मी सगळ्यांसमोर ओरडले. ब्रदरांचे कान लाल झाले.

गुरुवारी दुपारी सायली स्वतःच माझ्यासमोर येऊन उभी राहिली. ब्रदर तिला दारापर्यंत सोडून व्हरांड्यात पाठमोरे थांबले होते.

"बाई, तुम्हीच म्हणालात ना, सहामाहीचे पेपर देताना. 'तू बोर्डाला बसू नकोस, शाळेचा निकाल तरी वाचेल.' सगळे हसले."

देवाशपथ सांगते, मला आठवतही नव्हतं. असली वाक्यं मी दिवसाला दहा फेकते. मुलं हसतात, तास हलका होतो, असा माझा समज. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सायली, मी चुकले," मी म्हटलं. "मला तसं बोलायचा हक्क नव्हता. तू परीक्षेला बसायचंस, आणि अभ्यासाला मी तुझ्याबरोबर बसणार." पोरगी हुंदके देत देत सही करून गेली.

ती गेल्यावर मी पुन्हा ब्रदरांवरच चिडले. शरमेनं, दुसरं काय! "दोन आठवडे गेले! माझ्या कानात सांगितलं असतंत तर त्याच दिवशी मिटलं असतं."

"मलाही असंच वाटलं होतं. तिकडे असताना," ब्रदर म्हणाले आणि रिकाम्या वर्गात येऊन बसले.

टांझानियात नीमा नावाची मुलगी शाळेत रोज उशिरा यायची. पहाटे बाजारात मासळी विकून यायची, हे तिनं फक्त ब्रदरांना सांगितलं होतं. तिची शिक्षा चुकावी म्हणून ब्रदरांनी ते हेडमास्तरांच्या कानावर घातलं. हेडमास्तर भला माणूस. त्यानं सकाळच्या प्रार्थनेत, सगळ्या शाळेसमोर, नीमासाठी मदत मागितली. दुसऱ्या दिवसापासून ती आलीच नाही.

"आता कुठे असते?"

ब्रदरांनी फोन काढला. तिचा नंबर त्यांनी कोणाकोणाला विचारून मिळवला होता. दर रविवारी एक मेसेज. नाताळच्या शुभेच्छा, ईस्टरच्या शुभेच्छा, इकडे पाऊस फार आहे, यंदा केळी चांगली लागलीत. प्रत्येकाखाली दोन निळ्या खुणा. उत्तर एकही नाही. ब्रदर बोटानं वर सरकवत राहिले, तरी मेसेज संपेनात.

"वाचते, बाई," ते जवळजवळ अभिमानानं म्हणाले. "एकूण एक वाचते."

मला गलबलून आलं. "पण ब्रदर, ह्यात माफी कुठाय?"

त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला. मग म्हणाले, "तुम्ही मघाशी सायलीला काय म्हणालात, ते परत सांगता? हळू सांगा. मला टाइप करायला वेळ लागतो."

"मी चुकलो," मी सांगितलं. त्यांनी एका बोटानं तिकडच्या भाषेत लिहिलं. "मला तसं सांगायचा हक्क नव्हता." तेही लिहिलं. आणि बोट तसंच अधांतरी राहिलं.

"दाबा, ब्रदर."

दाबलं. आम्ही दोघं बघत बसलो. बऱ्याच वेळानं खुणा निळ्या झाल्या. मग नीमाच्या नावाखाली 'टायपिंग' असं उमटलं, गेलं, पुन्हा उमटलं.

घंटा झाली. माझा नववीवर तास होता. मी उठले नाही.