लाल दिवा आणि बुवांचा गळा

धाटावच्या औद्योगिक वसाहतीतल्या कोणत्या कंपनीने कोणता वायू सोडलाय, हे विष्णुमास्तर खिडकीत उभे राहून नुसत्या नाकाने सांगत. अख्ख्या रोह्यात असं दुसरं नाक नाही, असं त्यांचं स्वतःचं मत होतं. अशा माणसाच्या भाड्याच्या दोन खोल्यांत पेणचे दिनानाथबुवा कीर्तनाला येणार होते. सहा वर्षं मास्तर त्यांच्या मागे लागले होते. यजमान म्हणून बुवांच्या गळ्यात हार घालायचा, एवढी एकच हौस त्यांची उरली होती. आणि बुवांचा गळा म्हणजे काचेची बरणी, जरा धूळ-धूर लागला की तडा!

मास्तरांनी खिडक्यांच्या फटींना चिकटपट्ट्या मारल्या. जावयाकडून हवा शुद्ध करायचं यंत्र आणलं. हवा चांगली असली की त्याचा दिवा हिरवा, बिघडली की लाल. मग दुपारपासून धूप, गुग्गुळ, कापूर आणि उदबत्तीचे दोन पुडे. यंत्र लालबुंद झालं.

"बघ," मास्तर बायकोला म्हणाले, "सेकंड शिफ्ट सुरू झाली. सोडला कंपनीने वायू."

"अहो, तुम्ही निखाऱ्यावर गुग्गुळ टाकलात की ते लाल होतं," वृंदाताई म्हणाल्या.

"उद्या म्हणशील, तुळशीने दमा होतो."

तेवढ्यात खालच्या मजल्यावरून घरमालकीण धोंडुबाई आल्या. मिठागरावर जन्म काढलेली बाई, पण दारातच पदर नाकाला लावला.

"मास्तर, खिडकी उघडा. माणसा गुदमरतील."

"बाहेर कंपनीचं विष आहे, धोंडुबाई."

"कंपनी आज बंद हाय. माझा निलेश सकालपासून घरी लोळतोय. तुमच्या नाकाला कोनी सांगितला नाय?"

मास्तरांनी उत्तरादाखल आणखी मूठभर गुग्गुळ टाकला. लाल दिवा बुवांना दिसू नये म्हणून बुवांसाठी आणलेला झेंडूचा हार यंत्रावर घातला.

संध्याकाळी चाळीस माणसं आत बसली आणि मास्तरांनी दार लावलं. बुवांनी नमन सुरू केलं. तबलजी डोळे पुसू लागला. बायका पदराने डोळे टिपू लागल्या.

"पूर्वरंगातच सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी," मास्तर गहिवरून कुजबुजले. "अशी भक्ती रोह्यात पाहिली नव्हती."

दुसऱ्या ओळीला बुवांना ढास लागली. तिसऱ्या ओळीला आवाजच फुटेना. त्यांनी चिपळ्यांनीच दार दाखवलं आणि जिना उतरून थेट धोंडुबाईंच्या अंगणात जाऊन उभे राहिले. मागोमाग सगळी सभा. धोंडुबाईंनी कोमट पाणी दिलं. दहा मिनिटांत गळा मोकळा झाला, आणि मग दोन तास असं कीर्तन रंगलं की समोरचा रिक्षावालासुद्धा भाडं सोडून टाळ्या वाजवत बसला.

शेवटी मास्तर सदरा सावरत पुढे झाले.

"बसा मास्तर," बुवा म्हणाले. "ज्याच्या अंगणात कीर्तन, तो यजमान. धोंडुबाई, घाला हार. पुढच्या वर्षीही इथेच."

हार आणायला वृंदाताई वर गेल्या. खाली येऊन त्यांनी तो धोंडुबाईंच्या हातात दिला आणि नवऱ्याजवळ येऊन बसल्या.

"दार उघडं राहिलं होतं," त्या हळूच म्हणाल्या. "हार उचलला तर दिवा हिरवागार."

मास्तरांनी सदरा पुन्हा सावरला. समोर हार बुवांच्या गळ्यात पडत होता.

"म्हटलं नव्हतं?" ते म्हणाले. "गुग्गुळ जरा उशिराच लागू पडतो."