डिस्प्लेची गाडी

डॉक्टरांनी गाडी घेतली, पूर्ण पैसे भरले, सगळ्या नातेवाइकांना फोन करून झाले. फक्त गाडी तेवढी घरी आली नाही.

डॉक्टर दातांचे होते. सत्तावीस वर्षं लोकांच्या तोंडात वाकून पाहिल्यामुळे त्यांच्या पाठीला थोडा बाक आला होता, आणि आता उरलेलं आयुष्य ताठ बसून, उंचावरून रस्ता बघत काढावं असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. यात साडूंचाही वाटा होता. साडू फरशांचे घाऊक व्यापारी. त्यांनी दोन दारांचा फ्रिज घेतला की डॉक्टरांचा फ्रिज त्याच दिवशी जुना व्हायचा. तीन वर्षांपूर्वी त्यांनी बऱ्यापैकी उंच गाडी घेतली आणि पहिल्याच फेरीला डॉक्टरांना म्हणाले, "बसा डॉक्टर, पण पाय जरा झटकून." ते वाक्य डॉक्टरांच्या दाढेत अडकलं ते अडकलंच.

म्हणून ते शहरातल्या सगळ्यात महागड्या शोरूममध्ये गेले. सोबत बायको होती. ती शाळेत गणित शिकवायची, त्यामुळे सगळे तिला बाई म्हणत.

"चौदा महिने थांबावं लागेल," मॅनेजर म्हणाला.

"आज जन्मलेल्या पोराला तोवर आठ दात येतील हो."

"काय करणार डॉक्टर. एक नखाएवढी चिप असते, ती कुठं मिळत नाहीये. तिच्यापायी अख्ख्या गाड्या कारखान्यात अडकून पडल्यात."

हे डॉक्टरांना लगेच पटलं. मोहरीएवढ्या किडीपायी सहा फुटी माणूस आडवा झालेला ते रोज पाहत होते. पण पटलं म्हणून हौस थोडीच भागते? शोरूमच्या मधोमध, चकचकीत फरशीवर, दिव्यांखाली एक गडद हिरवी गाडी उभी होती. डॉक्टरांनी तिच्याकडे बोट दाखवलं.

"मग ही द्या."

"ही डिस्प्लेची आहे. ही दिली तर लोकांना दाखवू काय?"

तासभर घासाघीस झाली आणि शेवटी असं ठरलं की गाडी डॉक्टरांची, पण डिस्प्लेची दुसरी गाडी येईपर्यंत ती जागची हलणार नाही. "फार तर तीन आठवडे," मॅनेजर म्हणाला. साडूंच्या साठाव्या वाढदिवसाचं जेवण चार आठवड्यांवर होतं. डॉक्टरांनी बोटांवर हिशोब केला आणि सही ठोकली.

बाईंनी कागद दोनदा वाचला. "म्हणजे पैसे आपले, गाडी आपली आणि वापरणार ते."

"वापरणार कुठं? नुसती उभी तर राहणार."

नुसत्या उभ्या गाडीचं काय होतं ते डॉक्टरांना दुसऱ्याच संध्याकाळी कळलं. सहज म्हणून ते शोरूममध्ये डोकावले, तर ड्रायव्हरच्या सीटवर एक गलेलठ्ठ गृहस्थ बटण दाबून पुढं-मागं होत होते. त्यांच्या पत्नी समोरच्या कप्प्यात आपली पर्स मावते का ते ढकलून बघत होत्या. मागं डिकीत दोन मुलांनी संसार थाटला होता. गृहस्थ खाली उतरले आणि त्यांनी दार धाडकन लावलं, मग उघडून पुन्हा लावलं.

"आवाज ऐक," ते पत्नीला म्हणाले. "भारी गाडीचं दार असं लागतं."

तिसऱ्या धाडला डॉक्टरांना राहवेना. "अहो, जरा हळू."

"का, तुमची आहे का?"

"हो."

गृहस्थांनी सेल्सच्या मुलीकडे पाहिलं. तिनं असं काही हसून दाखवलं की ज्याला जो अर्थ हवा तो त्यानं घ्यावा.

त्या दिवसापासून दवाखाना सहालाच बंद होऊ लागला. कुणाची अर्धी भरलेली दाढ दुसऱ्या दिवसावर जाई, कुणाची कवळी तिसऱ्या. साडेसहाला डॉक्टर खिशात मऊ फडकं घेऊन गाडीपाशी हजर. नवरा घरी नाही म्हटल्यावर चार दिवसांनी बाईही उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन येऊ लागल्या. मागच्या सीटवर वाचायला छान दिवा होता, हवा गार होती आणि दाराची बेल वाजत नव्हती. "घरी तीन तास लागतात, इथं दीड तासात होतं," त्या म्हणाल्या आणि तिथंच रुळल्या.

मॅनेजर मात्र वैतागला. "डॉक्टर, तुम्ही गिऱ्हाइकांना चपला काढायला लावताय. माणसं बिचकतात."

"बिचकू देत की."

हे बोलता बोलताच डॉक्टरांना युक्ती सुचली. लोक बिचकले तर गाडीच्या वाटेला जाणार नाहीत. स्टिअरिंगमागं बसून त्यांनी गाडीबरोबरचं सहाशे पानी माहितीपुस्तक पेन्सिलीच्या खुणा करत वाचून काढलं होतं. आता जो येईल त्याला ते बाजूला घेऊ लागले.

"माझं ऐका, घेऊ नका. पेट्रोल पाण्यासारखं पिते. वळायची म्हटली तर मैदान लागतं. छत काचेचं, उन्हात टाळू भाजते. आणि सारखी टोकत असते. पट्टा लावा, झोप आली का, मागं माणूस आहे. घरात एक असताना दुसरी कशाला?"

मागच्या सीटवरून बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

आता खरं म्हणजे लोकांनी पळून जायला हवं होतं. पण टंचाईच्या दिवसांत माणसाचं डोकं उलटं चालतं. 'घ्या घ्या' म्हणणाऱ्याचा माल खपत नसावा असं वाटतं, आणि 'नको' म्हणणारा काहीतरी लपवतोय असं. एका बिल्डरनं डॉक्टरांचं सगळं ऐकून घेतलं आणि बायकोच्या कानात म्हणाला, "हा माणूस रोज येऊन या गाडीत बसतो आणि आपल्याला नको म्हणतो. काहीतरी आहे या गाडीत." त्यानं जाता जाता दोन गाड्या नोंदवल्या, एक मुलासाठी.

दहा दिवसांत एकोणीस गाड्या नोंदवल्या गेल्या. मॅनेजरची तक्रार बंद झाली. तो स्वतः डॉक्टरांना चहा आणून देऊ लागला, आणि एकदा तर हलक्या आवाजात म्हणाला, "आज शनिवार आहे डॉक्टर, गर्दी असेल. जरा जास्त नावं ठेवा."

याच सुमारास एका संध्याकाळी गाल सुजलेलं एक गिऱ्हाईक आलं. गाडी बघता बघता ते कळवळलं. डॉक्टरांचा मूळ स्वभाव उसळून आला. त्यांनी त्याला मागच्या सीटवर बाईंशेजारी बसवलं, वाचायचा दिवा त्याच्या तोंडावर वळवला आणि म्हणाले, "आ करा. अजून मोठा. ही अक्कलदाढ आहे, सकाळी दवाखान्यात या." नेमक्या त्याच वेळी मागून आवाज आला.

"दवाखाना इथं हलवला वाटतं."

साडू उभे होते. गाडी अजून शोरूममध्येच आहे अशी बाईंच्या थोरल्या बहिणीकडून, म्हणजे आपल्या बायकोकडून, त्यांना कुणकुण लागली होती आणि ते खातरजमा करायला आले होते.

"ही माझी गाडी," डॉक्टर म्हणाले.

"मग इथं काय करतेय?"

याचं थोडक्यात उत्तर देता येण्यासारखं नव्हतं. साडूंनी गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेटवर थाप मारली, दाराच्या मुठीला हात घातला. डॉक्टरांनी घाईघाईनं सगळा पाढा म्हणून दाखवला. पेट्रोल, मैदान, टाळू, टोकणं. साडूंचे डोळे बारीक होत गेले. पाढा संपल्यावर ते सरळ सेल्सच्या मुलीच्या टेबलाशी गेले आणि त्यांनी गाडी नोंदवली.

घरी जाताना डॉक्टरांनी बोटांवर महिने मोजले. मग म्हणाले, "त्यांना चौदा महिन्यांनी मिळणार. आपली पुढच्या आठवड्यात."

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी मॅनेजरला विचारलं. मॅनेजरनं टेबलावरच्या पेनांची टोपणं एकेक करून लावली, मग म्हणाला, "डिस्प्लेची गाडी निघाली होती. पण कंपनीनं ती दुसऱ्या शहरात वळवली. म्हणाले, तुमच्याकडं जी गाडी उभी आहे तिला बघून एवढ्या गाड्या खपतायत, तिला हात लावू नका."

आपल्या गाडीची वाट आपणच अडवून बसलोय, हे डॉक्टरांच्या ध्यानात आलं. जेवण पुढच्या रविवारी होतं. त्यांनी घरी येऊन विचार केला आणि दुसऱ्या दिवशी शोरूममध्ये पाऊल टाकलं ते निराळाच माणूस होऊन.

"या, या," ते पहिल्या गिऱ्हाइकाला म्हणाले. "अप्रतिम गाडी आहे. डोळे मिटून घ्या. अशी संधी पुन्हा येणार नाही."

गिऱ्हाइकानं बायकोकडे पाहिलं. बायकोनं दाराकडे पाहिलं. दोघं माहितीपत्रकही न घेता गेले. दुसऱ्याला डॉक्टरांनी गाडीचा रंग किती खुलून दिसतो ते सांगितलं, तो म्हणाला, "विचार करून कळवतो." दोन दिवसांत सात माणसं विचार करून कळवायला गेली आणि तिघांनी आधीची नोंदणी रद्द होते का अशी चौकशी केली.

मॅनेजर डॉक्टरांना काचेच्या केबिनमध्ये घेऊन गेला. "डॉक्टर, बरं वाटत नाहीये का?"

"ठणठणीत आहे. शनिवारी मला गाडी द्या. नाहीतर मी रोज येऊन अशीच स्तुती करीन."

मॅनेजरनं काचेतून बाहेर पाहिलं. बाहेर एक जोडपं उगाचच गाडीपाशी घुटमळत होतं. डॉक्टर खुर्चीतून अर्धवट उठले.

"थांबा," मॅनेजर म्हणाला. "देतो."

शनिवारी दुपारी गाडी निघाली तेव्हा सगळा स्टाफ दारात उभा होता. सेल्सच्या मुलीनं डोळे टिपले. डॉक्टर ताठ बसले होते, रस्ता खाली दिसत होता. पहिली दहा मिनिटं आयुष्यात काही कमी नव्हतं.

मग घर आलं. इमारतीच्या तळघरात उतरायला एक उतार होता आणि त्याच्या तोंडाशी एक खांब. डॉक्टरांची जुनी गाडी तिथून बारा वर्षं झुळकीसारखी जात आली होती. नवी गाडी वळेना. डॉक्टरांनी पुढं घेतली, मागं घेतली. वॉचमन "येऊ द्या, येऊ द्या" म्हणत मागं उभा राहिला, तर गाडीनं त्यालाच अडथळा ठरवलं आणि ती जागची हलेना. वॉचमन बाजूला झाला तर खांब आडवा आला. वरच्या गॅलऱ्या भरल्या. शेजारच्या वकिलांनी सल्ला दिला, तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी उलटा सल्ला दिला. पाऊण तासानं गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहिली आणि डॉक्टर गॅलरीत. बस जवळून गेली की ते खाली धावत. जेवायच्या आत आठ वेळा जाऊन आले.

रविवारी साडूंच्या घरी जाताना वाटेत पेट्रोल भरावं लागलं. उन्हानं टाळू तापली. साडूंची गल्ली चुकली म्हणून गाडी वळवायची, तर शाळेचं मैदान गाठावं लागलं. गाडी तीनदा म्हणाली, आपण थकलेले दिसता, विश्रांती घ्या.

"हे सगळं तुम्ही लोकांना सांगत होतात ना?" बाईंनी विचारलं.

"हो."

"मग?"

"मला वाटायचं मी वाढवून सांगतोय," डॉक्टर म्हणाले.

साडूंच्या दारात गाडी उभी राहिली आणि जेवायला आलेली सगळी माणसं बाहेर आली. ज्या क्षणासाठी डॉक्टरांनी सही ठोकली होती तो हाच. पण त्यांचं लक्ष गाडीचा मागचा भाग गटाराच्या झाकणावर तर नाही ना, इकडे होतं. साडूंनी त्यांना हाताला धरून जिन्याखाली नेलं.

"डॉक्टर, ही मला द्या."

"काय?"

"ज्या किमतीला घेतलीत त्याच किमतीला. माझा नोंदणीचा नंबर तुम्ही घ्या. आज साठ पूर्ण झाली, चौदा महिने काय भरवसा."

डॉक्टरांचा चेहरा उजळला. पण माणूस सज्जन, फसवणूक त्यांच्या हातून होईना. त्यांनी साडूंचा हात धरला. "अगदी मनापासून सांगतो, घेऊ नका. खरंच पेट्रोल पिते. खरंच वळत नाही. काल मी पाऊण तास खांबाशी झुंजत होतो. रात्रभर डोळ्याला डोळा नाही."

साडू हसले. डॉक्टरांच्या खांद्यावर त्यांनी प्रेमानं हात ठेवला. "आता तर घेणारच," ते म्हणाले.

जेवून हात धुवायच्या आत व्यवहार पक्का झाला. परत जाताना सोडायला कुणी निघायच्या आत डॉक्टर बाईंना घेऊन बसथांब्यावर आले. बस जवळजवळ रिकामी होती. दोघांना खिडकीजवळची जागा मिळाली. डॉक्टर मागं टेकले आणि कितीतरी दिवसांनी त्यांनी पाय पसरले.

तेवढ्यात फोन वाजला. मॅनेजर होता. कंपनीनं घाईनं पाठवलेली डिस्प्लेची नवी गाडी कालच आली होती, लोकही येत होते, पण नुसते बघून जात होते. दोघांनी तर विचारलं होतं, ते नको म्हणणारे गृहस्थ कुठं गेले?

"माझा आता काही संबंध नाही," डॉक्टर म्हणाले. "मी येणार नाही. आणि तुम्हाला म्हणून सांगतो, ती गाडी कुणी घेऊच नये. अर्थ नाही तिच्यात."

पलीकडून मॅनेजरचा गहिवरलेला आवाज आला, "हेच, डॉक्टर. अगदी असंच बोलायचं."

डॉक्टरांनी फोन कानापासून दूर धरला आणि हताशपणे बाईंकडे पाहिलं. बाईंच्या सहामाहीच्या उत्तरपत्रिका उद्यापासून यायच्या होत्या. त्यांनी शांतपणे फोन आपल्याकडे घेतला.

"येतील ते," त्या म्हणाल्या. "साडेसहालाच ना? आणि मागचा दिवा चालतोय का, तेवढं बघून ठेवा."