कुलरखालचे मामा

गोष्ट १९७३ सालच्या मे महिन्यातली. त्या वर्षी नागपूरचे ऊन असे तापले होते की भर दुपारी कावळेसुद्धा चोची उघड्या टाकून गळक्या नळाखाली बसून राहत.

सीताबर्डीवरच्या एका सरकारी कचेरीत नीला नुकतीच टायपिस्ट म्हणून लागली होती. सगळ्या कचेरीत बाईमाणूस अशी ती एकटीच. जेवणाची सुट्टी झाली की पुरुष मंडळी टेबलांवर वर्तमानपत्रे अंथरून डबे उघडायची, एकमेकांच्या भाजीला नावे ठेवायची आणि तीच भाजी पुसून खायची. नीला बिचारी आपला डबा घेऊन जुन्या फायलींच्या गठ्ठ्यांच्या खोलीत जायची. एके दिवशी तिथल्या उंदराने तिच्या डोळ्यांदेखत पोळी ओढून नेली. नीलाने उरलेला डबा बंद केला, छत्री उचलली आणि तरातरा चालत कोपऱ्यावरचे ‘अन्नछाया भोजनालय’ गाठले.

त्या काळी बाईने हॉलमध्ये बसून जेवायची पद्धत नव्हती. मागच्या बाजूला प्लायवुड ठोकून एक खोली केलेली असे, तिला हिरवा पडदा आणि वर पाटी : ‘फॅमिली रूम’. अन्नछायेत त्या पडद्याशी मालकाची आई, प्रयागबाई, स्टूल टाकून बसलेली असायची. तिची परवानगी मिळाल्याशिवाय माशीसुद्धा आत जात नसे.

“एकटी हाय का वं? जाय, अंदर जाय,” ती म्हणाली.

नीलाने पडदा सारला आणि ती तिथेच उभी राहिली. आत कुलर होता! मालक ताराचंदने एकच कुलर घेतला होता आणि तो मुद्दाम आत लावला होता. हॉलमध्ये लावला तर जेवलेले गिऱ्हाईक उठणार नाही, हे त्याला पक्के ठाऊक होते. ओल्या वाळ्याचा वास, गरम वरण-भात, कैरीचे लोणचे आणि कोणी म्हणून कोणी बोलायला नाही. घरी नंदनवन वस्तीत दोन खोल्यांत सात माणसे, कचेरीत पाच पुरुष. नीलाच्या आयुष्यात पहिल्यांदाच अर्धा तास फक्त तिचा असा झाला. ती रोज जाऊ लागली.

पण सुख लपत नाही. सगळी कचेरी घामाने निथळत असताना ही एकटी कोरड्या चेहऱ्याने परत यायची. हेडक्लार्क भैय्याजींच्या नजरेतून ते सुटेना. त्यांचा देह भला मोठा, आणि त्यावर नखशिखांत घामोळ्या.

“काहो नीलाबाई, आमी इथी भज्यावानी तळून राहिलो, आन् तुमी त चिखलदऱ्याहून आल्यासारख्या दिसून राहिल्या! भानगड काय हाय?”

नीलाने भोळेपणाने खरे ते सांगितले. तिथेच चुकले.

दुसऱ्या दिवशी भैय्याजी तिच्या मागोमाग अन्नछायेत हजर. प्रयागबाईने हातातला पंखा आडवा धरला.

“हा कोन होय वं तुया?”

“आजी, हे आमचे हेडक्लार्क...”

“हेडक्लार्क हॉलमंधी बसते. हे फॅमिली रूम होय.”

भैय्याजींनी नीलाकडे असे पाहिले की दगडालाही पाझर फुटावा. नीलाच्या तोंडून निघून गेले, “काका आहेत माझे.”

“मंग असं सांग ना! जाय गा काका, अंदर जाय.”

एका काकाची बातमी फुटायला कितीसा वेळ लागतो? तिसऱ्या दिवशी रुपराव आले. रुपराव म्हणजे कचेरीतले सर्वांत जुने कारकून. मिशा पांढऱ्या, कपाळाला कायमची आठी. नीलाने सहीसाठी कागद पुढे केला की तो तासभर तसाच ठेवण्यात त्यांना मोठेपणा वाटे. काका एक झाला होता, म्हणून नीलाने यांना मामा केले.

“मामा?” प्रयागबाईने रुपरावांना वरपासून खालपर्यंत न्याहाळले. “मंग भाचीच्या पाया नाई पडत का गा? कोन्या देशाचा मामा होय तू?”

आता आमच्या विदर्भात भाची म्हणजे मामाला देवाच्या जागी. मामा कितीही मोठा असो, भाचीच्या पायावर त्याने डोके ठेवायचेच. रुपराव जायला वळले. तेवढ्यात पडदा हलला आणि गार वाऱ्याची एक झुळूक त्यांच्या मिशांवरून गेली. रुपराव वाकले.

“रोजच्या रोज पडत जाय,” प्रयागबाई म्हणाली. “पुन्य लागते.”

मग हिशेबनीस देवराव थोरला भाऊ झाला आणि नत्थू शिपाई धाकटा. प्रयागबाईची स्मरणशक्ती अशी की तिने एकदा ऐकलेले नाते फिरवता येत नसे. एकदा चुकून नीला देवरावांना ‘काका’ म्हणाली तर म्हातारी कडाडली, “काल भाऊ होता, आज काका कसा झाला? याच्या बापानं याले दत्तक देला का?” भावांनी बहिणीसाठी काही आणले नाही तर म्हातारीला चालत नसे. देवराव रोज खिशातून एक सुरकुतलेला आंबा काढू लागले. काका आणि मामा एकमेकांशी बोलत नाहीत, हेही तिच्या लक्षात आले. ते खरेच बोलत नव्हते. कचेरीतल्या खिडकीजवळच्या टेबलावरून त्यांचा जुना अबोला होता. म्हातारीने दोघांना पडद्यासमोर गळाभेट घ्यायला लावली. घामोळ्यांमुळे भैय्याजींना ती भेट फार जड गेली.

इकडे नीलाचा अर्धा तास मात्र मातीत गेला. भैय्याजी जेवण झाले की भिंतीला टेकून घोरत. नत्थू बनियन काढून कुलरवर वाळत घाली. देवराव कुलरच्या तोंडाशीच खुर्ची ओढून बसत, म्हणजे वारा सगळा त्यांना आणि नीलाला त्यांच्या डोक्याच्या तेलाचा वास. एक दिवस वैतागून ती पुन्हा गठ्ठ्यांच्या खोलीत जाऊन बसली. पाचच मिनिटांत तिची छत्री हातात घेऊन चौघे दारात उभे.

“चला ना बाई. तुमच्याबिगर ते म्हातारी आत घेत नाई.”

“मी माणूस आहे की गेटपास?” नीला कडाडली.

“तसं नाई बाई, पन जेवन थंडं होऊन राहिलं,” रुपराव म्हणाले. “आन् मी आजचं पाया पडनं अजून बाकी ठेवलं हाय.”

यात एक गोष्ट कोणालाच माहीत नव्हती. चैत्रात नीलाला एक स्थळ पाहून गेले होते. मुलगा मोरेश्वर, उमरेडच्या कोळसा खाणीच्या कचेरीत. आजवर आलेल्या मुलांनी तिला विणकाम विचारले, गाणे विचारले. याने विचारले, “दुपारी कचेरीत तुम्ही जेवता कुठे?” बस्स, एवढ्यावर नीलाचे मन बसले. पण मोरेश्वरचे वडील चंपतराव अजून हो म्हणत नव्हते. ते उमरेडचे लुगड्यांचे व्यापारी. लुगडे हातात आले की आधी उलटी बाजू पाहायची, अशी त्यांची रीत. सुनेच्या बाबतीतही ती सोडायला ते तयार नव्हते. नीलाचे वडील दादाजी रोज पोस्टमनची वाट पाहत, आणि नीला वाट पाहत नसल्याचे सोंग करी.

आणि मग तो दिवस उजाडला.

साहेबांच्या खोलीला वाळ्याचे पडदे होते, त्यांवर दुपारभर पाणी मारायचे काम नत्थूचे. पण नत्थू तर कुलरखाली बनियन वाळवत बसलेला. पडदे सुकले, खोलीची भट्टी झाली. साहेब मूळचे पुण्याचे. नागपूरला बदली होऊन आलेले हे त्यांचे पहिलेच वर्ष. त्यांनी घंटी वाजवली, हाका मारल्या. कोणी येईना, तेव्हा ते स्वतःच बाहेर आले आणि सगळी खुर्च्या-टेबले ओस पडलेली पाहून विचारत विचारत अन्नछायेत पोचले. तोंड टोमॅटोसारखे लाल.

प्रयागबाईचा पंखा आडवा झाला. “तू कोन गा?”

“अहो, मी यांचा साहेब आहे!”

“सायेब कोन्तं नातं होय? चाल, हॉलमंधी बस.”

“नीलाबाई, यांना सांगा हो जरा! मला चक्कर येते आहे.”

नीला पडदा सारून बाहेर आली. काका, भाऊ अशी सोपी नाती तिच्या अगदी जिभेवर आली होती. पण त्याच सकाळी साहेबांनी एका स्वल्पविरामासाठी तिच्याकडून एक पत्र तीनदा टाइप करून घेतले होते. ती शांतपणे म्हणाली, “आजी, हे माझे दुसरे मामा.”

“मंग पाया पड ना गा मामा! उभा काहून राहिला भैताडावानी?”

“पाया? मी? हिच्या?”

आतून रुपरावांचा अनुभवी आवाज आला, “पडून घ्या साहेब. एकडाव पडलं का मंग काई वाटत नाई.”

साहेबांनी डोळे मिटले आणि ते वाकले. नेमके त्याच क्षणी हॉलमधून आवाज आला, “हे काय चालून राहिलं इथी?”

काळा कोट, डोक्याला टोपी, हातात छत्री, आणि कानशिलांवरून घामाच्या धारा. चंपतराव! उमरेडच्या एस.टी.ने येऊन ते सरळ कचेरी पाहायला गेले होते. तिथे चिटपाखरू नव्हते. पानवाल्याने सांगितले, सगळे अन्नछायेत भेटतील.

प्रयागबाईचे माहेर उमरेडचे. ती हरखलीच. “चंपत! तू कुठी इकडे बापा? हे पाय, किती गुनाची पोट्टी. हा तिचा मामा, तो आतला मोठा मामा, तो झोपला तो काका, आन् हे दोघं भाऊ.”

चंपतराव नीलाकडे वळले. “तुया बापानं मले सांगतलं का एकच भाऊ हाय आन् तो शाळेत जाते. मामा त नाईच म्हने. मंग हे एवढं घरानं लपवलं काहून?”

नीला दोन्हीकडून अडकली. ही माणसे नात्याची म्हणावीत, तर वडील खोटे ठरतात. नात्याची नाहीत म्हणावे, तर परक्या पुरुषांबरोबर ती रोज पडद्याआड बसते! आतले घोरणे थांबले होते. नत्थूने हळूच बनियन अंगात घातली. कुलर तेवढा घरघरत होता.

“माझे वडील खोटं बोलले नाहीत,” नीला म्हणाली. “खोटं मी बोलले. ही सगळी माझ्या कचेरीतली माणसं आहेत. बाहेर फार उकडतं, आणि आजी नात्याशिवाय आत सोडत नाहीत.”

“म्हंजे परके बाप्ये?” चंपतरावांचा आवाज चढला. “मावशी, तुमाले हे मालूम होतं?”

सगळ्यांनी प्रयागबाईकडे पाहिले. आता म्हातारी काय अनर्थ करते, या धास्तीने रुपरावांनी खुर्ची पकडली.

“मालूम नसाले काय झालं?” प्रयागबाई म्हणाली. “मी का आंधळी हावो? एक मामा भंडाऱ्याचं बोलते, आज आला तो दुसरा पुन्याचं. काकाच्या गळ्यात माळ आन् भाऊ हॉलमंधून लपून आमलेट मागवते. असं घरानं असते का कुठी? मले पैल्याच दिवशी समजलं.”

“मंग घेतलं काहून यायले अंदर?”

“घामोळ्या पायल्या नाई का त्या काकाच्या? मानूस होय ना तोही. पन पोरीच्या बाजूले बसाचं असन त नातं लावून बसा लागते. जो पाया पडन, तो नीट बसन. ज्याले लाज वाटन, त्याचं अंदर काम नाई. तुया गावात दाखव बरं असे मामा, रोजच्या रोज पाया पडनारे!”

चंपतरावांनी छत्री भिंतीला टेकवली. त्यांनी नीलाकडे पाहिले. खोटे बोललेली आणि विचारल्यावर तोंडावर कबूल करणारी ती मुलगी मान वर करून उभी होती. ही उलटी बाजू त्यांनी नीट पाहून घेतली. मग टोपी काढली, कपाळ पुसले. कोट पाठीला चिकटला होता. पडदा पुन्हा हलला.

“मावशी,” ते जरा खालच्या आवाजात म्हणाले, “मी येऊ का अंदर? जीव चालला माया.”

पंखा आडवा झाला. “तू कोन होय हिचा?”

चंपतरावांनी एकदा कुलरकडे पाहिले, एकदा नीलाकडे. टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली.

“सासरा,” ते म्हणाले.

“मंग ये! सासऱ्याले पाया पडा लागत नाई. वाक वं पोरी, आता तुयी पाळी.”

लग्न पुढच्या मार्गशीर्षात झाले. चंपतरावांनी बजावून सांगितले होते की एकही नातेवाईक कमी आलेला चालणार नाही. दोन मामांनी मुलीला बोहल्यावर आणले आणि ‘काका’ भैय्याजींनी पंगतीत जिलबीचे ताट धरले. वराचा कान पिळायला भाऊ पुढे झाले तेव्हा खरा धाकटा भाऊ, देवराव आणि नत्थू अशी रांगच लागली. मोरेश्वरचा कान सत्यनारायणापर्यंत लाल होता.

साहेबांची पुण्याला बदली झाली. तिथून ते दर उन्हाळ्यात नीलाला पत्र पाठवत आणि शेवटी ‘तुझा मामा’ अशी सही करत, स्वल्पविराम जागच्या जागी. भैय्याजी निवृत्तीनंतर अमरावतीला मुलाकडे गेले. देवरावांनी त्यांचे खिडकीजवळचे टेबल मिळवले, आणि त्यावरून रुपराव त्यांच्याशी अखेरपर्यंत बोलले नाहीत. पण नीला दिसली की ते मरेपर्यंत वाकत राहिले; पाठीचे दुखणे निघाले तेव्हा खुर्चीत बसून नुसता हात पुढे करत. नत्थूने नोकरी सोडून कुलर भाड्याने द्यायचे दुकान टाकले आणि तो सगळ्यांच्या पुढे गेला. प्रयागबाई गेल्यावर ताराचंदने पडदा काढून हॉलमध्ये चार कुलर लावले. त्याचा अंदाज खरा ठरला, जेवलेले गिऱ्हाईक उठेनासे झाले.

नीला आता निवृत्त होऊन हुडकेश्वरला स्वतःच्या घरात राहते. मागच्या खोलीत कुलर आहे, दाराला हिरवा पडदा आहे. दुपारी ती ताट वाढून घेते, आत जाते आणि पडदा ओढते. परवा मोरेश्वररावांनी बाहेरून हाक मारली, “येऊ का आत? फार उकडतंय.”

“तुम्ही माझे कोण?” आतून आवाज आला.

“म्हणजे काय? नवरा!”

नीलाने लोणच्याची फोड तोंडात टाकली. “चालणार नाही,” ती म्हणाली. “हॉलमध्ये बसा.”