काजळामायची पोथी

“आईला काय, आईच्या देवांनासुद्धा पत्ता लागणार नाही!” प्रणालीनं छाती ठोकून सांगितलं होतं. अमरावतीच्या शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या या बाईनं आजवर ज्या ज्या गोष्टीसाठी छाती ठोकली, ती ती गोष्ट तिच्याच डोक्यावर येऊन पडली होती. तरी मैथिलीनं विश्वास ठेवला. प्रेमात माणसाचं असंच होतं!

लपवायची होती एक चित्रकथा. नाव, ‘काजळा, काळोखाची देवी’. काजळा दिवसा अकोल्याच्या जिनिंग फॅक्टरीत टायपिस्ट. अंधार पडला की काळा कोट चढवून, मोटरसायकलवरून बदमाशांना हुडकत फिरणार. तिचा जीव जडलाय चंपावर, आणि चंपा मेलेली आहे. हो, भूत! फॅक्टरीच्या धुराड्यात राहते. काजळा तिला जवळ घ्यायला गेली की हाती नुसता धूर. शेवटच्या पानावर मात्र चंपाला एका रात्रीपुरतं शरीर मिळतं आणि दोघी एकमेकींचं चुंबन घेतात. चांगलं पानभर!

ही काजळा जन्मली आठवीत, भूगोलाच्या वहीच्या मागच्या पानांवर. मैथिली तेव्हा अकोल्याचं वकिली घर सोडून अमरावतीला मावशीकडे शिकायला आलेली. प्रणाली चित्रं काढायची, मैथिली संवाद लिहायची. उन्हाळ्यात प्रणाली चांदूर रेल्वेला मामाकडे जायची. तिथे स्टेशनाजवळ एक दुकानदार भाड्यानं चित्रकथा द्यायचा. पोत्यावर बसून वाचायच्या, घरी न्यायच्या नाहीत! तिथली पिस्तुलं, कोट आणि भुतं डोक्यात कोंबून ती परतायची आणि शाळा उघडली की सगळं मैथिलीपुढे ओतायची. काय दिवस होते ते! शाईनं माखलेली बोटं, दप्तरात विरघळलेल्या संत्रागोळ्या, आणि बाईंचं लक्ष गेलं की छातीत धडधड. वही कधी पकडली गेली नाही. पुढे कॉलेजात दोघींना उमगलं, की काजळा आणि चंपा म्हणजे आपणच की!

ते मात्र प्रणालीनं आईपासून चौदा वर्षं लपवलं. आईच्या, म्हणजे मनकर्णाबाईंच्या लेखी मैथिली म्हणजे दर शनिवारी येणारी अकोल्याची मैत्रीण. वडील गेल्यापासून घरात मायलेकी दोघीच. आईनं तोंड फिरवलं तर? या प्रश्नाची प्रणालीला फार भीती वाटायची.

इतक्या वर्षांनी काजळा पुरी करून छापायचं ठरलं आणि काम दिलं अकोल्याच्या पुंजाजींना. लग्नपत्रिका, आरत्या, पोथ्या छापण्यात त्यांची हयात गेलेली. त्यांचा फोन आला तेव्हा प्रणाली निकालपत्रकांत बुडाली होती.

“म्याडम, देवीचं हाये, पानं बी आडवी हायेत. आमच्याच पद्धतीनं करू ना?”

“करा करा, तुमच्याच पद्धतीनं!”

“आन घरीच पोचवू?”

“हो हो, घरीच!”

घर म्हणजे मैथिलीचं, हे प्रणालीनं गृहीत धरलं. पुंजाजींनी गृहीत धरला पावतीवरचा पत्ता!

शनिवारी मैथिलीकडे प्रती पोचल्या नव्हत्या, म्हणून दोघी प्रेसवर गेल्या, तर पुंजाजी हात जोडून म्हणाले, “कालच धाडल्या अमरावतीले! काय सुंदर पोथी झाली म्हणता!”

“पोथी?” मैथिली किंचाळली.

अमरावतीच्या वाटेवरचं मूर्तिजापूर कधी आलं आणि गेलं, दोघींना कळलं नाही. घराच्या दारात वीसेक चपला आणि आतून उदबत्तीचा वास. अधिक महिना लागलेला, मनकर्णाबाईंकडे रोज भजनी मंडळाचं पोथीवाचन. अशात सुटी आडवी पानं, वरखाली पुठ्ठे, लाल कापडात बांधलेली, हळदीकुंकवाची बोटं लावलेली नवीकोरी देवी शंभर प्रतींनी आपल्या पायानं दारात आलेली! बाईनं करायचं काय? पाटावरच बसवली!

“‘हात वर कर, नराधमा!’” मनकर्णाबाई पोथीच्या चालीत गात होत्या. “‘धाड! धाड! सट्ट! फट्याक!’”

“जय काजळामाय!” बायका ओरडल्या.

“काऊन वं, ह्या देवीचं वाहन कोनतं?” शेजारच्या इंदूबाईंनी मान लांबवून विचारलं.

“मोटरसायकल दिसते बाई.”

“बरं हाये! वाघाले बांधा कुठी?”

“आई, अगं ही पोथी नाही...” प्रणाली कशीबशी म्हणाली.

“चूप! मधात बोलू नाई. बसा दोघी.”

बसल्या. आणि मनकर्णाबाईंनी आवाज कातर करून पुढचं वाक्य घेतलं, “‘चंपे, तू धूर असलीस तरी माझ्या डोळ्यांत पाणी तूच आणतेस!’”

हे मैथिलीनं तेराव्या वर्षी लिहिलेलं. मधल्या सुट्टीत, पोळीचा घास तोंडात असताना! लिहून झाल्यावर ती स्वतःच लाजली होती. आज त्याच ओळीवर वीस बायकांनी डोळ्याला पदर लावला. प्रणालीला एवढ्या धास्तीतही भडभडून आलं. मैथिलीनं पदराआडून तिचा हात घट्ट धरला.

पण चुंबनाचं पान जवळ येत होतं! प्रणाली फूल वाहायच्या निमित्तानं पाटाजवळ सरकली, सगळ्यात खालचं पान हळूच ओढलं, ओढणीत घातलं आणि स्वयंपाकघरात जाऊन पिठाच्या डब्यात गाडलं. पानं सुटी ठेवल्याबद्दल पुंजाजींना तिनं तिथल्या तिथे माफ केलं.

बाहेर हलकल्लोळ! “शेवटचं पान कुठी गेलं?” मनकर्णाबाई विचारत होत्या. “पोथी अर्धी सोडली तं दोष लागते!”

“त्यात काय? खोकंभर हायेत!” इंदूबाईंनी खोकं ओढलं आणि बघता बघता प्रत्येकीच्या मांडीवर एकेक पोथी आली. मघाशी एकच पान होतं, आता वीस झाली!

मनकर्णाबाईंनी चष्मा वर सरकवून पान पाहिलं. मग मैथिलीकडे पाहिलं. मग पुन्हा पान. प्रणालीनं चंपाचा चेहरा बदलायचा होता हो! पण चंपा काढायची म्हटली की तिच्या हातून दुसरा चेहरा उतरतच नव्हता.

“मनकर्णाबाई, हे तं...” इंदूबाई सुरू झाल्या.

“डोये हायेत मले.” मनकर्णाबाईंनी पान खाली ठेवलं. “किती दिवसाचं हाये हे, पोरी?”

“आठवीपासून,” प्रणालीच्या तोंडून निघून गेलं.

“आन मले आज पोथीतून समजून राहिलं! परकी होती का मी?”

त्या उठून आत गेल्या. डबे आपटल्याचा आवाज आला. संपलं, प्रणालीला वाटलं. मैथिलीनं जायला पर्स उचलली.

मनकर्णाबाई बाहेर आल्या त्या हातात ताट घेऊन. ताटात अनारसे, वर दिवा. धोंड्याच्या महिन्यात जावयाला देतात ते वाण. त्यांनी ते मैथिलीपुढे ठेवलं.

“घरी जावाई नाही म्हणून दर तीन वर्षांनी देवळात देऊन येत होती मी,” त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज आता पोथीतल्यापेक्षाही कातर झाला. “घे. तेहतीस हायेत.”

वकिलाची लेक, पण मैथिली बाजू मांडायची विसरली. ती नुसती रडत हात जोडून बसली. इंदूबाईंना काही सुचेना, म्हणून त्यांनी “जय काजळामाय!” म्हटलं. बाकीच्या बायकांनी जरा एकमेकींकडे पाहिलं, आणि मग त्यांनीही म्हटलं.

प्रणालीला हुंदका आवरेना. चौदा वर्षांची भीती अशी एका ताटात विरघळलेली! ती आईला मिठी मारायला धावली.

“तू काय गयात पडून राहिली?” मनकर्णाबाईंनी तिला बाजूला सारलं. “जावाई केव्हाचा येऊन बसला घरी. पानी विचारलं का त्याले? उठ!”

प्रणाली निमूटपणे तांब्या भरायला आत गेली. अनारसा तिला एकही मिळाला नाही!